लातुरात आमची दालमिल जुनी, शेजारची घरं नंतरची. रात्रपाळीच्या आवाजावरून तक्रार झाली. कोणती मर्यादा लागू होते?

मिल आधीची की घरं आधीची, याने आवाजाची मर्यादा बदलत नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत ती धंद्यावर नाही, क्षेत्रावर ठरते. औद्योगिक क्षेत्रात दिवसा 75 आणि रात्री 70 डेसिबल, व्यापारी 65 आणि 55, निवासी 55 आणि 45. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. तक्रारदाराचं घर निवासी झोनमध्ये असेल तर त्याच्या दारात 45 पाहिले जातात, तुमचा प्लॉट औद्योगिक असला तरी. म्हणून आधी दोन्ही जागांचा झोन दाखला काढा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र असेल तर त्यातली आवाजाची अटही वाचा.

मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त आवाज झाला की तक्रार करता येते, असं नियम 7 म्हणतो. त्यावरून ‘55 पर्यंत चालतं’ असा अर्थ पुष्कळ जण काढतात. तो चुकीचा आहे. मर्यादा 45 च राहते.

मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. कॅलिब्रेट केलेलं (अचूकता तपासून घेतलेलं) मीटर आणून रात्रीच त्यांच्या बाजूला मोजा, एकदा मिल चालू ठेवून, एकदा पूर्ण बंद करून. समजा चालू असताना 58 आणि बंद असताना 52 आले, तर मिलचा स्वतःचा वाटा साधारण 56.7. डेसिबलची सरळ वजाबाकी होत नाही. बंद असतानाच 52 येत असतील तर रस्त्याचाही हातभार आहे. ती नोंद लेखी ठेवा.

आवाज बहुधा रोलरपेक्षा ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) आणि सायक्लोनच्या (हवेतली धूळ-भुसा वेगळा करणारं शंकूसारखं पात्र) तोंडातून बाहेर पडतो. ब्लोअर आणि डक्टच्या (हवा नेणारी पत्र्याची नळी) मध्ये कॅनव्हासचा जोड द्या, खाली रबरी पॅड, बाहेरच्या तोंडाला सायलेन्सर, आणि तोंड वस्तीकडून वळवा. नुसत्या पत्र्याला आतून रॉकवूल (दगडी तंतूंचा कापसासारखा थर) लावलं तर आतला घुमारा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज फारसा थांबत नाही. त्यासाठी 9 इंची विटांची भिंत लागते, आणि तीही फटी बुजवूनच. शटर हातभर उघडं राहिलं की भिंतीवरचा खर्च वाया.

हे होईपर्यंत ब्लोअर लागणारं काम रात्री 10 च्या आत उरका. निवासी भागात रात्री हॉर्नला बंदी आहे, तेव्हा माल न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्यांनाही बजावून ठेवा.