वहीतले आकडे वाया जात नाहीत

पत्र: माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. संगणकाला थेट आकड्यांत, मशीन कोडमध्ये, प्रोग्राम लिहायचं वेड त्याला लागलंय. वह्याच्या वह्या भरतो. यात नोकरी आहे का, की वेळ फुकट जातोय? वहीतल्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते. – एक आई, डिचोली

ताई, नमस्कार.

फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. त्यातली एक ओळ: ३ई ०५ ०६ ०७ ८० ३२ ५० २० ७६. मोजणी सोळाच्या पद्धतीतली, म्हणून ‘ई’ हाही आकडाच. ही ८०८५ या जुन्या प्रोसेसरची भाषा. एका रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात, ५ घे, दुसऱ्यात ७, बेरीज कर, उत्तर २०५० या पत्त्यावर ठेव, थांब. पत्त्याचा मागचा भाग आधी लिहायचा असतो, म्हणून ५० आधी आणि २० नंतर. आमच्या वर्गातली निम्मी मुलं इथेच चुकायची. तुमचा मुलगा चुकलेला नाही.

मात्र नुसतं मशीन कोड लिहायची नोकरी आज मिळत नाही, हे त्याला सांगाच. मध्येच एक सूचना घातली की पुढचे पत्ते सरकतात आणि जंप, म्हणजे ‘अमुक पत्त्यावर जा’ या सूचना, हाताने दुरुस्त करत बसावं लागतं. पावसाळ्यात वीज गेली की आमच्या कॉलेजातल्या सरावाच्या ८०८५ किटमधलं सगळं पुसलं जायचं. पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात.

पण हे आकडे वाचता येणारी माणसं हवीच असतात. मीटरमधलं किंवा गाडीतलं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्रोग्राम, अडकलं, कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीन कोडमध्ये भाषांतर करणारा प्रोग्राम, लिहायचा असला, व्हायरस उलगडायचा असला, की शेवटी हेच आकडे समोर येतात. तिथे त्याचा हात आत्ताच बसतोय.

वही बंद करू नका. जेईई होईपर्यंत फक्त रविवारी उघडू दे, कारण प्रवेश गणित, फिजिक्स आणि केमिस्ट्रीवरच मिळणार आहे. पुढे कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स, दोन्ही चालतील. फर्मागुढीच्या सरकारी कॉलेजात दोन्ही शाखा आहेत. मला विचाराल तर त्याचा कल पाहता इलेक्ट्रॉनिक्स. मग असेंब्ली (याच आकड्यांचं शब्दांतलं रूप), सी ही भाषा आणि रिस्क-फाइव्ह हा प्रोसेसरचा खुला सूचनासंच. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच उभा आहे, आणि रिस्क-फाइव्हच्या मूळ सूचना चाळीसच्या आसपासच आहेत.

चवथीच्या सुट्टीत त्याला सांगा, ५ आणि ७ च्या जागी आपल्या नेहमीच्या मोजणीतले २०० आणि १०० सोळाच्या पद्धतीत बदलून घाल. उत्तर नेहमीच्या मोजणीत ४४ येईल. का आलं, ते त्याने तुम्हाला स्वयंपाकघरात बसून समजावून सांगावं. तुम्हाला कळलं का, तेवढं मला लिहा.