तुम्हाला मुलगा हवाय की ऑपरेटर?

पत्र : माझा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून पार्ट काढायचा, छोटा कारखाना आहे. तीन मशीन, आठ माणसं. दुचाकीला लागणारे नायलॉनचे आणि पीपीचे (पॉलिप्रॉपिलीनचे) पार्ट आम्ही मोठ्या व्हेंडरला देतो. साचे चढवून मशीनचं सेटिंग लावणारा सेटर दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून रिजेक्शन हाताबाहेर गेलंय, त्यात जून लागला की नायलॉनचा माल जास्तच खराब निघतो. पार्टवर चंदेरी रेघा येतात, काही पार्ट तर हातात तुटतात. माणसं शिकवावीत तर ती जास्त पगारावर पळतात. मुलाला दहावीला 81 टक्के पडले. त्याला ‘सिपेट’ या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेत डिप्लोमा करायला लावतोय, म्हणजे तो आला की सगळं मार्गी लागेल. पण तो कॉमर्सचा हट्ट धरून बसलाय. कॉमर्सनं कारखाना चालतो का? शनिवारी कारखान्यात येतो, पण मशीनकडे ढुंकून बघत नाही. खराब पार्ट दळणाऱ्या ग्राइंडरमध्ये किती माल गेला ते वहीत लिहीत कोपऱ्यात बसतो. त्याची आई म्हणते, प्लास्टिकच बंद होणार आहे. माझ्याच्यानं आता होत नाही. त्याला तुम्हीच समजवा.

उत्तर :

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मुलाचे टक्के एकाच ओळीत आले आणि सेटर पत्रभर आहे. तुम्ही मुलाचं करिअर विचारलेलं नाही, गेलेल्या माणसाच्या जागी माणूस शोधताय. फुकटातला, आणि गावी पळून न जाणारा. हे कडू वाटेल, पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला तुम्ही समजवायला सांगितलंय, म्हणून आधी तुम्हालाच सांगतोय.

शिवाय हिशेबही बसत नाही. दहावीनंतरचा तो डिप्लोमा तीन वर्षांचा. रिजेक्शन आज होतंय आणि मुलगा येणार तीन वर्षांनी, तेही पहिल्या प्रयत्नात सगळे विषय सुटले तर. तोवर तुमचा व्हेंडर थांबेल?

तुमच्या नायलॉनच्या रेघांबद्दल माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारलं. तो मोल्ड शॉपमध्ये आहे. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘दाणा (मशीनमध्ये घालायचा कच्चा माल) सुकवतात का?’ नायलॉन हवेतलं पाणी शोषतो, पीपी जवळजवळ नाही. ओला दाणा मशीनच्या तापलेल्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, गेला की पाण्याची वाफ होते, तिच्याच त्या रेघा. तेच पाणी नायलॉनच्या लांब साखळ्या तोडतं, म्हणून पार्ट ठिसूळ होतो. जून लागला की त्रास वाढतो हे तुम्हीच लिहिलंय. उत्तर तुमच्या पत्रातच होतं. दाणा 80 अंशांच्या आसपास काही तास ड्रायरमध्ये ठेवायचा, आणि ग्राइंडरमधून परत येणारा मालही तसाच सुकवायचा. नवा माणूस बहुधा रेघा दिसल्या की तापमान वाढवत असेल, त्यानं दुखणं आणखी वाढतं. साच्यात दुसराही दोष असू शकतो, पण सुरुवात इथून करा. यासाठी घरात डिप्लोमाधारक लागत नाही.

आता तुमच्या ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ अडलो ते : ‘शिकवलं की पळतात.’ एमआयडीसीतल्या निम्म्या लोकांकडून हे ऐकलंय. मला सांगा, जो सेटर गेला त्याला तुम्ही कुठल्या कोर्सला पाठवलं होतं? कुठल्याच नाही. तरी गेलाच ना? माणसं जातात. पगार, गाव, लग्न, आजारपण, कारणं शंभर. तुमचं नुकसान तो गेला म्हणून झालं नाही, प्रत्येक साच्याचं सेटिंग त्याच्या डोक्यात होतं आणि डोकं त्याच्याबरोबर गेलं म्हणून झालं. बॅरलचं तापमान किती, इंजेक्शनचा दाब किती, साचा भरल्यावर दाब धरून ठेवायचा (होल्डिंग) किती सेकंद, साचा थंड व्हायला किती वेळ, हे साच्यागणिक एका कागदावर लिहून मशीनला टांगलेलं असतं, तर दिवाळीनंतरच्या सोमवारी दुसऱ्या माणसानं निदान तिथून सुरुवात केली असती. शिकलेला माणूस असा कागद करतो. न शिकलेला सगळं मनात ठेवतो, कारण तीच त्याची किंमत असते. म्हणजे माणसाला न शिकवून तुम्ही त्याला बांधून ठेवत नाही, स्वतःच त्याच्या हातात बांधले जाता.

आणि शिकवायला लांब जायचं नाही. ‘सिपेट’ 1968 साली चेन्नईत सुरू झाली, पण तिचं केंद्र तुमच्याच शहरात चिकलठाण्याला आहे. तुम्ही शहराच्या एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला. तुम्हाला ती संस्था फक्त पोरांच्या प्रवेशापुरती माहीत आहे. तिथे कारखान्यातल्या माणसांसाठी मशीन चालवण्याचे छोटे कोर्स चालतात, त्यातले काही सरकारी योजनेतून विनाशुल्क असतात. दाण्याची, पार्टची तपासणी होते, साच्याच्या अडचणीवर सल्ला मिळतो. साचे बनवायला शिकवणारं इंडो-जर्मन टूल रूमही चिकलठाण्यातच. आठ माणसांच्या कारखान्याला शिकाऊ उमेदवारही घेता येतात. कायद्यानं 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्यांना ते बंधनकारक आहे, तुमच्यासारख्यांना ऐच्छिक. त्याच्या विद्यावेतनातला काही वाटा केंद्र सरकार उचलतं. वाटा किती हे अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर बघा, मित्राच्या व्हॉट्सॲपवर नको. आणि पहिल्या कोर्सला ऑपरेटरबरोबर तुम्ही स्वतः जाऊन बसा. मालक बाकावर बसला की माणसं विषय गांभीर्यानं घेतात, हे मी एका कारखान्यात पाहिलंय.

वहिनींना सांगा, महाराष्ट्रातली 2018 ची बंदी आणि देशातली 2022 ची बंदी पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, स्ट्रॉ अशा मालावर आहे. दुचाकीच्या पार्टवर नाही.

मुलाच्या वाटा थोडक्यात. प्लास्टिकमध्ये यायचंच असेल तर दहावीनंतर सिपेटचे प्लास्टिक तंत्रज्ञान आणि मोल्ड तंत्रज्ञानाचे डिप्लोमा, टूल रूमचा चार वर्षांचा टूल अँड डाय मेकिंग, किंवा आयटीआयचा दोन वर्षांचा टूल अँड डाय मेकर. पुढे बी.एस्सी. रसायनशास्त्र केलं तरी सिपेटचा पदव्युत्तर डिप्लोमा आहेच. म्हणजे आज नाही म्हटल्यानं दार कायमचं बंद होत नाही.

पण तो कॉमर्स म्हणतोय. आणि कॉमर्सनं कारखाना चालतो का, असं विचारताना तुम्ही त्याच्याविषयी जे सांगितलंय ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तुमच्याकडे आठ माणसं. त्यातल्या एकानंही ग्राइंडरमध्ये गेलेला माल मोजला नाही, तुम्हीही नाही. ‘हाताबाहेर’ हा शब्द तुमचा, आकडा पत्रात कुठेच नाही. आकडा असलाच तर त्या पोराच्या वहीत आहे. कोणी न सांगता तो दर शनिवारी मोजत बसतो, आणि तुम्हाला ते रिकामटेकडेपण वाटतं. एक पार्ट खराब झाला की दाणा, वीज, मशीनचा वेळ आणि मजुरी धरून नेमके किती रुपये गेले, हे काढणं म्हणजेच कॉस्टिंग. लहान कारखाने माल खराब निघाला म्हणून जेवढे बसतात, तेवढेच चुकीचा भाव लावून बसलेले मी पाहिलेत. तो पुढे तुमच्याकडे येईल की नाही, मला माहीत नाही. येणार नाही असं धरून चाला आणि कारखाना त्याच्याशिवाय उभा करा. मग आलाच, तर स्वतःच्या मनानं आलेला असेल.

माझ्याच्यानं होत नाही असं तुम्ही शेवटी लिहिलंत, ते मात्र मुलासमोर एकदा मोकळेपणानं बोला, अट न घालता. इतकी वर्षं तीन मशीन एकट्यानं ओढली आहेत, थकणं साहजिक आहे. पण तो थकवा त्याच्या अकरावीच्या अर्जात भरू नका.

येत्या शनिवारी ती वही मागून घ्या. जूनमधल्या तारखा बघा, पाऊस कोणत्या दिवशी होता ते आठवा आणि दोन्ही शेजारी ठेवून त्यालाच विचारा, हे असं का होतंय. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, मी वाट बघतोय.