उंचावरच्या तळ्यातला कृमी नव्या प्रजातीचा आहे, हे कसं सिद्ध करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लडाखमध्ये साडेचार हजार मीटरवरच्या एका गोड्या पाण्याच्या तळ्यातल्या गाळात बारीक लाल कृमी मिळाले, पुस्तकातल्या चित्रांशी ते जुळत नाहीत, इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये राहणारा प्राणी वेगळाच असणार, तर नवी प्रजाती म्हणून जाहीर कसं करायचं? मी कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवतो आणि घाटमाथ्यावरच्या तळ्यांतले असेच कृमी बरीच वर्षं बघतोय, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

आधी एक तपासा. तो कृमीच आहे ना? चिखलात राहणाऱ्या कायरोनोमस माशीची अळीसुद्धा लाल असते आणि दोन्हींचा रंग हिमोग्लोबिनमुळेच येतो. डोक्याला टणक कवच आणि मागं-पुढं आखूड पाय दिसले तर ती अळी. पहिलं सोडून प्रत्येक वलयावर बारीक काट्यांचे चार जुडगे दिसले (आपल्याकडं वर्गात त्यांना सीटी म्हणतात) तर तो गांडुळाचा पाण्यातला भाऊबंद.

आता ऑक्सिजनचं. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के असतो, हे खरं. पण थंड पाणी जास्त ऑक्सिजन धरतं. हिशेब मांडला तर त्या उंचीवर शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ८ मिलिग्रॅम मावतो, आणि कोल्हापुरात २५ अंशाच्या पाण्यातही जवळपास तेवढाच. खरी टंचाई असते ती गाळात, आणि ती रंकाळ्यातही असते. तेव्हा उंची हा पुरावा होत नाही. तळं एकाकी आहे, हाही नाही. लडाखमध्ये वीण घालणारा पट्टकादंब हंस हिवाळ्यात आपल्याकडच्या जलाशयांवर उतरतो, आणि कृमींच्या अंड्यांचे कोश पाणपक्ष्यांच्या पायाच्या चिखलातून दूरवर जात असावेत असं अभ्यासक मानतात. उंच तळ्यांत खास तिथल्याच प्रजाती असतात, त्यात शंका नाही. ३,८१२ मीटरवरच्या टिटिकाका तळ्यात झिंग्यासारख्या हायलेलांच्या कितीतरी आहेत. पण ते प्रत्येक प्राण्याबाबत वेगळं सिद्ध करावं लागतं.

सिद्ध कशानं होतं? प्रौढ नमुन्याच्या जननेंद्रियांवरून. सगळं काम इथं अडतं, म्हणून इथंच जास्त वेळ द्या. या कृमींचं बाह्यरूप फार फसवं असतं. ब्रँकियुरा सोवर्बायसारखा एखादाच असा, की शेपटीकडच्या बोटांसारख्या कल्ल्यांवरून नुसत्या डोळ्यांनी ओळखू यावा. बाकीच्यांत आधी क्लायटेलम (प्रौढ कृमीच्या अंगावरचा जाडसर पट्टा) फुगलेला नमुना शोधायचा. ट्युबिफेक्स या गाळातल्या लाल कृमीच्या गटात दहाव्या वलयावर शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्यांची छिद्रं आणि अकराव्यावर नर छिद्रं असतात. नर छिद्राकडं जाणाऱ्या आतल्या नळीचा आकार, शिश्नावर कडक आवरण आहे की नाही, असलं तर लांबी-रुंदीचं प्रमाण किती, यावर निर्णय ठरतो. वलयं मोजताना तोंडाचं बिनकाट्यांचं वलय पहिलं धरा. काटे दुसऱ्यापासून सुरू होतात, तिथून मोजलं की सगळं वर्णन एका वलयानं सरकतं.

तुमच्या बाटलीत फक्त पिल्लं असतील तर नाव देण्याचा विचार तूर्त सोडा. काही कृमी शरीर तोडून कलमं केल्यासारखे वाढतात आणि त्यांच्यात प्रौढ क्वचितच मिळतो. अशा वेळी वेगळ्या ऋतूत पुन्हा जाणं हाच मार्ग.

काट्यांवर एकट्यावर विसंबू नका. पाण्याचे गुणधर्म बदलले की काही कृमींत केसासारखे काटे येतात किंवा नाहीसे होतात, हे प्रयोगात दिसलंय. लडाखमध्ये तर गोड्या तळ्यापासून त्सो कारसारख्या खाऱ्या तळ्यापर्यंत सगळ्या पायऱ्या आहेत. नुसत्या काट्यांवर उभी केलेली प्रजाती पुढच्याच अभ्यासात कोसळू शकते.

डीएनएसाठी एक पद्धत मला फार मोलाची वाटते. कृमीची शेपटी कापून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायची आणि जननेंद्रियांचा पुढचा भाग रंगवून कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाखाली स्लाइडवर कायम करायचा. एकाच जिवाचा डीएनए आणि शरीर दोन्ही हाताशी राहतात, कुणाला शंका घ्यायला जागा राहत नाही. सगळे नमुने फॉर्मेलिनमध्ये टाकलेत तर डीएनए मिळवणं फार अवघड होतं. लिम्नोड्रिलस हॉफमाइस्टेरी नावाचा कृमी जगभर एकच म्हणून ओळखला जायचा. डीएनए पाहिल्यावर त्या नावाखाली अनेक प्रजाती निघाल्या. म्हणून डीएनए हवाच, पण शरीराचं वर्णनही हवं.

मग तुलना. स्टीफन्सनचा १९२३ चा भारतातल्या ऑलिगोकीटांवरचा (म्हणजे गांडूळ आणि त्याच्या भाऊबंदांवरचा) खंड, ब्रिंकहर्स्ट आणि जेमिसन यांचा १९७१ चा जगभराचा ग्रंथ आणि के. व्ही. नायडूंचा भारतीय जलचर प्रजातींवरचा २००५ चा ग्रंथ, हे तिन्ही टेबलावर असल्याशिवाय ‘कशाशीच जुळत नाही’ हे वाक्य लिहू नये. जुन्या पुस्तकांत ट्युबिफिसिडी हे वेगळं कुळ दिसेल, आता ते नायडिडी या कुळात धरतात. आणि नुसतं भारतात शोधून भागत नाही. ब्रँकियुरा सोवर्बाय मूळचा आशियाचा, पण बेडार्डनं १८९२ मध्ये त्याचं वर्णन केलं ते लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या, मोठ्या कमळांसाठी बांधलेल्या टाकीतल्या नमुन्यांवरून. तुमचा कृमी तिबेट, चीन किंवा रशियातून आधीच वर्णिलेला असू शकतो.

एवढं करूनही वेगळा ठरला तर एक नमुना होलोटाइप म्हणून, म्हणजे नाव ज्याला कायमचं बांधलं जातं तो नमुना म्हणून, निवडायचा, बाकीचे पॅराटाइप, म्हणजे जोडीचे नमुने. कुणीही अनोळखी अभ्यासक जाऊन पाहू शकेल अशा संग्रहात ते द्यायचे. स्वतःच्या कपाटात किंवा कॉलेजच्या शेल्फवर होलोटाइप ठेवणं मला अक्षम्य वाटतं. बाटली सुकते, माणूस निवृत्त होतो, आणि त्या नावाचा अर्थ तपासायला काहीच उरत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती आणि नमुने ठरवून दिलेल्या संग्रहालयात देणं बंधनकारकही आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्यांचं पश्चिम केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, म्हणजे आपल्याला कोलकाता गाठायलाच हवं असं नाही. नमुने परवानगीनं गोळा केलेत ना, हेही पाहा. लडाखमधल्या चांगटांग पठाराचा बराच भाग अभयारण्यात येतो. परवानगी नसेल तर ती आधी रीतसर घ्या आणि नव्यानं गोळा करा.

नावाचे नियम सोपे आहेत: लॅटिन रूप, वेगळेपणा सांगणारं लेखी वर्णन, होलोटाइपचा स्पष्ट उल्लेख. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी झालेली असावी. २०१२ पासून तसा नियम आहे. स्वतःचं नाव मात्र कुणी देत नाही, तळ्याचं किंवा गावाचं द्या.

तुमच्याकडं क्लायटेलम असलेला एखादा जरी नमुना असेल तर नवव्या ते बाराव्या वलयाचे फोटो इथं टाका, स्केलसकट. कुळापर्यंत तरी मी नक्की सांगू शकेन, आणि पुढं कुठल्या पानापासून वाचायचं तेही.