अर्थशास्त्र आणि इतिहास, दोन्ही चार वर्षांत बसतील का?

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीला शिकागो विद्यापीठात आर्थिक मदतीसह प्रवेश मिळाला आहे आणि तिला अर्थशास्त्र व इतिहास अशी दोन मेजर, म्हणजे पदवीचे दोन मुख्य विषय, करायची आहेत. ते लिहितात, ‘तिथं सगळ्यांनाच तत्त्वज्ञान, कला, जीवशास्त्र सक्तीने घ्यावं लागतं म्हणे. बारावीला सायन्स केलेल्या मुलीने पुन्हा तेच का करायचं? त्यात दोन मेजर म्हणजे चाराची पाच वर्षं झाली तर आम्हाला झेपणार नाही. एकच विषय घे, असं तिला सांगू का?’ दोन विषयांचा नोकरीला फायदा होतो का, हेही त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

इतक्यात तसं सांगू नका. आधी एका संध्याकाळी लेकीसोबत कागद-पेन्सिल घेऊन बसा. चार आडव्या ओळी आणि तीन उभे रकाने आखा. झाले बारा चौकोन. शिकागोत वर्षाला शरद, हिवाळा आणि वसंत असे तीन क्वार्टर असतात, म्हणजे चार वर्षांत बारा. पदवीसाठी ४२ कोर्स लागतात. एका क्वार्टरला तीन किंवा चार कोर्स घेतात आणि फी दोन्हीला सारखीच असते. तेव्हा सहा चौकोनांत तीन आणि सहांत चार लिहिलं की बरोबर ४२ होतात.

आता त्यातले १५ सक्तीच्या ‘कोअर’चे. मानव्यविद्या, कला आणि संस्कृतींचा अभ्यास मिळून सहा, विज्ञान आणि गणित मिळून सहा, सामाजिक शास्त्रांचे तीन. उरले २७. अर्थशास्त्राचे साधारण तेरा आणि इतिहासाचे साधारण बारा धरा, म्हणजे पंचवीस. कागदावर दोन कोर्स शिल्लक राहिले. पाचव्या वर्षाची भीती इथंच बरीचशी कमी होते.

पण एक अट अजून बाकी आहे. प्रत्येकाला दुसऱ्या एका भाषेचं वर्षभराच्या अभ्यासाइतकं ज्ञान दाखवावं लागतं. ते नसेल तर तीन क्वार्टर भाषेचे कोर्स करायचे. म्हणजे शिल्लक दोन होते, ते वजा एक झाले. तुमच्या मुलीचं सगळं गणित या तीन कोर्सवर अडलेलं आहे, आणि तुम्ही पत्रात याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही म्हणून जरा जोर देऊन सांगतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई भाषांच्या विभागात मराठी शिकवली जाते. भाषेचं ज्ञान परीक्षा देऊनही दाखवता येतं. तुमची मुलगी आजीला अजून हाताने पत्रं लिहिते असं तुम्ही सहज म्हणून गेलात. त्या मुलीने तिथं नव्याने स्पॅनिशच्या वर्गात बसण्याआधी सल्लागाराला विचारलंच पाहिजे, की मराठीची परीक्षा कधी असते आणि त्यात लिहायला काय येतं. हे पहिल्या आठवड्यातच विचारायचं. दुसऱ्या वर्षी आठवलं, तर तोवर त्या तीन कोर्सच्या जागा भरून गेलेल्या असतात.

बारावीच्या सायन्सबद्दल. बोर्डाच्या गुणांवर तिथं कोर्स माफ होतील असं धरून चालू नका. गणितात कुठून सुरुवात करायची हे ठरवणारी प्लेसमेंट परीक्षा मात्र जाण्याआधी उन्हाळ्यात होते, तिच्यासाठी बारावीची कॅल्क्युलसची प्रकरणं पुन्हा सोडवायला सांगा. तिथं जितक्या वरून सुरुवात होईल तितकं बरं, कारण कॅल्क्युलस कोअरलाही चालतं आणि अर्थशास्त्राला तर लागतंच. एकाच कोर्समध्ये दोन कामं होतात.

‘परत तेच का’ या प्रश्नावर मात्र माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. हा कोअर कुणी हौसेखातर लादलेला नाही. रॉबर्ट हचिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष असताना, १९३१ च्या ‘न्यू प्लॅन’पासून या विद्यापीठाने सर्वांसाठी समान शिक्षणाची कल्पना लावून धरली. १९९० च्या दशकाच्या अखेरीला सक्तीचे कोर्स कमी करायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी केवढे चिडले होते! त्या वर्गांत पंधरा-वीस मुलं टेबलाभोवती बसतात, प्लेटो किंवा मार्क्स वाचून आलेली असतात आणि प्रत्येकाला बोलावं लागतं. आपल्याकडे बारावीपर्यंत पाठ केलेलं उत्तर लिहिणाऱ्या हुशार मुलीला याचीच गरज असते. शिवाय कोअरमधल्या संस्कृतींच्या अभ्यासात दक्षिण आशियाचाही पर्याय आहे. हा भाग परदेशी जाऊन एका क्वार्टरमध्ये पूर्ण करता येतो, आणि दक्षिण आशियाचा असा कार्यक्रम बरीच वर्षं आपल्या पुण्यात होत असे. सध्या कोणकोणती शहरं आहेत ते तिने बघावं. अशा एका क्वार्टरने तीन कोर्स एकदम हातावेगळे होतात.

खरी अडचण वर्षांची नाही, मोकळ्या जागेची आहे. तिथं शिकून आलेल्या एका मुलाने मला त्याचा असाच बारा चौकोनांचा कागद दाखवला होता. पहिल्या दोन ओळी खोडरबराने घासून जवळजवळ फाटल्या होत्या. पहिल्याच हिवाळ्यात त्याने चार जड कोर्स घेतले. क्वार्टर असतो नऊ-दहा आठवड्यांचा, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म, म्हणजे मधल्या परीक्षा, सुरू होतात, आणि त्याच आठवड्यात तो तापाने आडवा झाला. एक कोर्स सोडावा लागला. दुसऱ्या मेजरचा जो कोर्स त्यावर अवलंबून होता तो वर्षातून एकदाच शिकवला जायचा. तिसऱ्या वर्षी त्याने ते दुसरं मेजर सोडून दिलं. हुशारीत तो कुठंही कमी नव्हता, त्याच्या कागदावर रिकामा चौकोनच नव्हता.

म्हणून माझा सल्ला असा. पहिल्या वर्षी तिने कोणतंच मेजर जाहीर करू नये, तशी सक्तीही नसते. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये कोअर, गणित, जमलं तर अर्थशास्त्राची सुरुवात, आणि पहिल्या क्वार्टरला तीनच कोर्स. इतिहासाचा एखादा वरच्या पातळीचा कोर्स दुसऱ्या वर्षी घ्यावा. त्या वर्गासाठी जुनी कागदपत्रं वाचताना जेवायचं भान राहत नसेल, तर दुसरं मेजर करावं आणि शेवटच्या वर्षातला मोठा वेळ प्रबंधासाठी राखून ठेवावा. नुसती आवड असेल, तर इतिहासाचे चार-पाच चांगले कोर्स मेजरचं नाव न लावताही घेता येतात.

‘मग मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घेऊ दे’ असं वाटेल, तर नियम समजून घ्या. मायनरसाठी मोजलेला कोर्स तिथं मेजरसाठी किंवा कोअरसाठी पुन्हा मोजत नाहीत. त्यामुळे मायनर दिसायला लहान असलं तरी पूर्ण जागा खातं.

नोकरीचं विचारलंत. पदवीच्या कागदावर दोन विषय आहेत म्हणून कुणी जास्त पगार देईल असं मला वाटत नाही. अर्थशास्त्राच्या मुलांकडे गणित आणि संख्याशास्त्र किती पक्कं आहे आणि उन्हाळ्यात काय काम केलं, हे आधी बघतात. तेव्हा इतिहास घ्यायचा तर इतिहासासाठी घ्यावा. तशी ओढ असेल तर मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे, आणि तुम्हीही तिच्या बाजूने उभं राहावं असं मनापासून वाटतं.

मदतीच्या पत्रात किती क्वार्टर लिहिलेत ते आजच बघून ठेवा. बाराच असतील तर तो आकडा तिच्या कागदावर सगळ्यात वर लिहू दे. आणि सामान भरताना मराठीचं व्याकरणाचं एक पुस्तक बॅगेत टाका. परीक्षेच्या आदल्या रात्री लागेल.