अमेरिकेत अकरावीत शिकणाऱ्या मुलीला अनंतस्पर्शी रेषा आणि अवयव यांच्या गृहपाठासाठी शिकवणी लावावी की ॲप पुरेल?

आपल्या मुलीला अनंतस्पर्शी रेषा (आलेख जिच्या अधिकाधिक जवळ जात राहतो ती रेषा) अडत नसून अवयव अडत असावेत, असे मी गृहपाठ न पाहताच म्हणतो, कारण भाच्याच्या अभ्यासावरून माझा आणि मेहुण्यांचा नेमका याच मुद्द्यावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. भाचा न्यू जर्सीत शिकतो. कॅल्क्युलेटर आलेख काढून देत असताना पोराला अवयवांसाठी मधल्या पदाची फोड करायला बसवणे हा निव्वळ छळ आहे, असे मेहुण्यांचे मत आहे.

एकदा भाच्याने व्हिडिओ कॉलवर उदाहरण दाखवले: अंशात क्ष² − ५क्ष + ६ आणि छेदात क्ष² − ४. छेद शून्य धरून त्याने २ आणि −२ या किमती काढल्या होत्या व दोन्ही ठिकाणी उभ्या अनंतस्पर्शी रेषा आखल्या होत्या. पडद्यावर मात्र आलेख केवळ −२ पाशी तुटला होता आणि २ वरून बिनदिक्कत पुढे गेला होता. ‘मामा, कॅल्क्युलेटर बिघडलाय का?’ असे त्याने विचारल्यावर मी त्याला अवयव पाडायला लावले. अंश (क्ष − २)(क्ष − ३) आणि छेद (क्ष − २)(क्ष + २) झाला. (क्ष − २) वरखाली उडाला आणि (क्ष − ३)/(क्ष + २) उरले. म्हणजे २ पाशी रेषा नाहीच, केवळ (२, −१/४) हा बिंदू आलेखातून गळतो आणि तो वहीत पोकळ वर्तुळाने दाखवावा लागतो. एका टिंबासाठी एवढा खटाटोप कशाला, असे मेहुणे मागून म्हणाले. परीक्षेत गुण त्या टिंबाचेच कापले जातात, हे त्यांना कोण सांगणार!

आडव्या रेषेसाठी अवयव लागत नाहीत, अंश आणि छेद यांतले क्ष चे सर्वांत मोठे घात आणि त्यांचे सहगुणक पाहिले की पुरते: येथे दोन्ही घात सारखे आणि दोन्ही सहगुणक १ असल्यामुळे ती य = १ ही रेषा आहे. अंशाचा घात एकाने मोठा असेल, तर भागाकार करून तिरपी रेषा काढावी. आलेख अनंतस्पर्शी रेषेला कधीच छेदत नाही, हे शिकवण्यांतले आवडते वाक्य मात्र मुलीला विसरायला सांगावे. क्ष/(क्ष² + १) चा आलेख आपल्या आडव्या रेषेला शून्यापाशी खुशाल छेदतो.

मदतीचे म्हणाल तर, आधी शाळेतल्या शिक्षकांनाच वेळ मागावा आणि जिथे गाडी अडली ती ओळ वहीतून दाखवावी. ॲप उत्तर पडताळण्यापुरते ठीक आहे. शिकवणी लावायचीच असेल, तर ती अवयवांसाठी लावावी.

येथे एक पुस्ती जोडतो: उडालेला अवयव छेदात पुन्हा शिल्लक राहिला, जसे (क्ष − २)/(क्ष − २)² मध्ये, तर उभी रेषा कायम राहते. फोड सुचत नसेल, तर वर्गसमीकरणाच्या सूत्राने अंश आणि छेद या दोन्हींची मुळे काढून सामाईक मूळ शोधले तरी चालते. मेहुणेही सूत्राचेच भोक्ते आहेत. फक्त अंशाची मुळे काढायचा त्यांना कंटाळा येतो.