दागिने घालायची सुरुवात कशी झाली? शेवटी सगळी हौसच ना?

'शेवटी हौसच ना' वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. आजीची पुतळ्यांची माळ सोनाराकडे नेताना आमचा दादा नेमकं हेच म्हणाला होता.

सुरुवातीचं आधी उरकते. आपल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. तेव्हा शेती नव्हती, मडकं नव्हतं. हातावर पोट असलेला माणूस कवच घासून गोल करतो, भोक पाडतो, ते बहुधा 'मी कोण, कुणातला' हे दाखवायला. हौस त्याच्यानंतर.

आता माळ. अठरा पुतळ्या, लाल रेशमात गाठवलेल्या. दोरा मळला की आजी पटवेकऱ्याकडे जायची आणि गाठवून होईपर्यंत समोरून हलायची नाही. पुतळीवर एक माणूस उभा, दुसरा गुडघे टेकून, मध्ये निशाणाची काठी. उभा तो राम, टेकलेला तो मारुती, असं आजी सांगायची. कॉलेजात गेल्यावर कळलं की मूळ नाणं व्हेनिसचं, डुकाट. उभा तो संत मार्क, गुडघ्यावर डोज, म्हणजे तिथला प्रमुख. १२८४पासून पाडलेलं, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ चोख सोनं. व्यापारातून इकडे आलं आणि वरच्या चित्रामुळे पुतळी होऊन बायकांच्या गळ्यात बसलं. आजीला सांगितलं तर म्हणाली, "असू दे. माझ्याकडे आल्यावर रामच."

बहात्तरच्या दुष्काळात तिने ती गहाण टाकली आणि दुसऱ्या सुगीला सोडवून आणली. आजी गेल्यावर तीन महिन्यांत दादाने माळ आटवली. का, तर वाटण्या सरळ होतात. सोनाराने डाख (जोडाचा धातू) आणि मळ म्हणून तूट धरली, उरलेल्याची वेढणी आणि चेन झाल्या. एका पुतळीची कडी तुटलेली, म्हणून ती डब्यात राहिली होती. ती मी घेतली.

हाच दादा गणपतीत ढोलपथकात भिकबाळी घालून मिरवतो. ती म्हणे परंपरा. बायकांची तेवढी हौस!

परंपरेचंही जरा जपूनच. कार्ल्याच्या लेण्यातली जोडपी बघा. कानात, कमरेला, पायात भरपूर, नाकात काही नाही. नथ पुष्कळ नंतरची.

बाकी दवाखान्याची, शिक्षणाची वेळ आली तर खुशाल मोडा, दागिना त्यासाठीही असतो. आणि माझी पुतळी व्हेनिसचीच असेल असंही नाही. आपल्याकडे नकलाही पाडत, आणि माझ्या पुतळीवरची अक्षरं कुठल्याच लिपीत बसत नाहीत.

फक्त आटवण्याआधी वजन लिहून ठेवा, फोटो काढा आणि घरातल्या बायकांना समोर बसवून विचारा. मला फोन आला तेव्हा सतरा पुतळ्या मुशीत गेल्या होत्या.