तुझा रिपोर्ट पाहून

प्रिय पोरी,

एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेचा आकडा, ५.९ टक्के आला म्हणून तू रात्रभर झोपली नाहीस. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा. तो तू ओलांडलेला नाहीस, आणि इथून मागे फिरलेली माणसं पुष्कळ आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात अशाच लोकांनी खाणं बदललं, वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा असं ठरवलं. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं; औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी.

वाढदिवसाच्या केकवरून स्वतःला बोल लावणं आधी थांबव. तू पाठवलेली तीन दिवसांच्या खाण्याची यादी माझ्या पुढ्यात आहे. तिन्ही दिवशी अकराला बिस्किटं, चारला कोला, रात्रीचं जेवण लॅपटॉपसमोर. मला काळजी आहे ती या न चुकणाऱ्या वेळांची. ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. एकदा चहाच्या चमच्याने वाटीत काढून बघ, आठ-नऊ चमचे भरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दोन हजार कॅलरी खाणाऱ्याने दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी.

‘मला मन आवरत नाही’ असं लिहिलंयस. २०१९चा एक प्रयोग सांगते. २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद अन्न दिलं, दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, मीठ, चोथा दोन्हीकडे सारखाच. खावं तेवढं खा. पाकीटबंद अन्नावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भराभर खात होती. तेव्हा सगळा दोष तुझ्या मनाचा नाही गं. ते अन्न हाताशीच ठेवू नकोस.

मिठाचंही बघ. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, आणि ब्रेड, सॉस, बिस्किटांतून ते नकळत जातं. रक्तदाब तिथूनच चढू लागतो.

सगळं एकदम सोडू नकोस. या आठवड्यात फक्त कोला बंद, त्या जागी पाणी. पुढच्या आठवड्यात बिस्किटांऐवजी फळ. जेवताना लॅपटॉप मिटलेला. डॉक्टरांना विचारून तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा कर. हा आकडा साधारण तेवढ्याच काळाची सरासरी दाखवतो. रिपोर्ट आला की आधी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
मावशी